उजेडाची मोजदाद

हुबळीच्या देशपांडे नगरात, सवाई गंधर्व सभागृहाच्या अंगाने आत शिरून गल्लीगल्लीतून सावकाश चालणाऱ्या माणसाने फाटकांवरील पाट्या न वाचता केवळ झाडांकडे लक्ष ठेविले, तरी घर कोणत्या काळचे आणि त्यातील राहणी कोणत्या वळणाची, याचा बऱ्यापैकी अदमास त्याला बांधता येतो. ज्या बंगल्यांनी अद्याप आपली जागा सोडलेली नाही, त्यांच्या पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन, कुंपणाला जास्वंद नि कण्हेर, ओसरीच्या कठड्यावर क्रोटनच्या आणि नेच्यांच्या कुंड्या, मागील परसात न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अळू, कर्दळ आणि एखादी केळ, असा सारा बंदोबस्त ठरलेला असतो. आणि जेथे बंगला जाऊन चार मजल्यांची इमारत उभी राहिली आहे, तेथे हीच वनस्पतिसृष्टी, अथवा तिचे परदेशस्थ भाऊबंद, दिवाणखान्यातील कोचाच्या बाजूस, टीव्हीच्या खाली आणि न्हाणीघराच्या झरोक्यात दाटीवाटीने येऊन बसलेले दिसतात. झाडे घरात आली ती आपल्या हौसेने आली, असे आपण समजतो. वस्तुतः त्यांची अंगणातली वहिवाट संपली, म्हणून ती आत आली.

हे नगर मराठी वाचकाला सर्वस्वी परके नसावे. गंगूबाई हानगल यांचे ‘गंगालहरी’ हे निवासस्थान येथेच आहे. ज्यांचे नाव सभागृहाने धारण केले त्या रामभाऊ कुंदगोळकरांचे कुंदगोळही येथून दूर नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख आधी मुंबई इलाख्याचा आणि मग मुंबई राज्याचा भाग होता. रेल्वेचा कारखाना, कचेऱ्या, शाळा आणि नाटक मंडळ्या यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलू लागली, आणि परसातली अबोली व मोगरा वेणीत माळण्याचा येथील नित्याचा शिरस्ता त्यांनी आनंदाने उचलला. त्या घरांत वनस्पती ही शोभेची वस्तू नव्हती. ती देवाला, वेणीला, आमटीला आणि खोकल्याला लागे. शोभा हा तिचा वरकड लाभ होता. आजच्या सदनिकेत मात्र शोभा हेच तिचे मुख्य कर्तव्य ठरले आहे, आणि बिघाडाला आरंभ येथूनच होतो. शोभेची वस्तू आपण जेथे हवी तेथे ठेवितो; झाड आपल्याला हवे तेथे ठेविता येत नाही.

गृहसजावटीची पुस्तके झाडापासून आरंभ करितात. अमुक झाड कोपऱ्यात शोभते, तमुक मेजावर, असा त्यांचा क्रम असतो. माझ्या मते आरंभ घरापासून, त्यातही घरातील उजेडापासून केला पाहिजे. कारण आपल्या डोळ्यांइतका बेभरवशाचा साक्षीदार या प्रकरणी दुसरा नाही. भर दुपारी उघड्या अंगणात प्रकाशाचे मान सुमारे एक लाख लक्स भरते. आंब्याच्या सावलीत ते दहा हजारांच्या आसपास उतरते. खिडकीपासून हातभर अंतरावर हजार-दोन हजार उरते, आणि त्याच खोलीच्या आतल्या भिंतीपाशी शे-दोनशेवर येऊन ठेपते. अंगणातून त्या भिंतीपाशी जाईपर्यंत उजेड पाचशे पटींनी घटलेला असतो. परंतु डोळा ही सारी तफावत इतक्या सफाईने झाकून टाकतो, की तेथे बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाला खोली चांगली उजेडी वाटते. पानाजवळ अशी तडजोड करण्याचे साधन नाही. ते आपल्या साठवणीवर दोन-तीन महिने निभावून नेते, मग पिवळे पडते, आणि घरचे लोक खत कमी पडले असा निष्कर्ष काढितात.

याची परीक्षा करण्यास यंत्र लागत नाही. दुपारी ज्या जागी कुंडी ठेवण्याचा मनोदय आहे, तेथे पांढरा कागद अंथरून त्याच्यावर वीतभर उंचीवर तळहात धरावा. सावलीच्या कडा रेखीव उमटल्या, तर तेथे मोगरा किंवा तुळसदेखील तग धरील; सावली दिसली पण पुसट दिसली, तर नेचे, रबर, मनीप्लांट यांची सोय तेथे होईल; आणि सावली उमटलीच नाही, तर त्या जागी एखादा पितळी समया-दिव्यांचा संच ठेवून मोकळे व्हावे. हा शेवटचा निवाडा ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण घरातला नेमका तोच कोपरा त्यांना रिकामा वाटत असतो.

दिशांविषयीची आपली समजूतही बहुधा उसनी आहे. दक्षिणेची खिडकी सर्वांत प्रखर आणि उत्तरेची कायम सावलीची, हा नियम इंग्रजी पुस्तकांतून आला. आणि तो लंडनला, साडेएकावन्न अक्षांशावर, अगदी योग्य आहे. तेथे ऐन हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशांवर रेंगाळत असतो. त्यामुळे सात फूट उंचीच्या दक्षिण खिडकीतून शिरलेले ऊन खोलीत पंचवीस फुटांपर्यंत पोहोचते. हुबळी सव्वापंधरा अक्षांशाच्या थोडी वर वसलेली. येथे त्याच दिवशी सूर्य एकावन्न अंश चढतो, आणि वर दोन फुटांचा छज्जा असेल, तर दक्षिणेचे ऊन चार फुटांच्या आतच थांबते. शिवाय येथे शून्यसावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा मे महिन्याच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. या दोहोंच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणे उत्तर खिडकीतही शिरतात. म्हणून मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत निर्धास्तपणे ठेविलेल्या नेच्याची पाने करपतात आणि घरधन्याला कारण उमगत नाही. आपल्याकडे खरी महत्त्वाची खिडकी पूर्वेची: सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि मग दिवसभर छाया, ही घरातील बहुसंख्य झाडांच्या जन्मभूमीशी मिळतीजुळती अवस्था तेथे आपोआप साधते. पश्चिमेची खिडकी चैत्र-वैशाखात भट्टी होते. तेथे कोरफड आणि निवडुंग यांच्या भाऊकीखेरीज कोणाची शिफारस करू नये.

बहुसंख्य झाडांची जन्मभूमी, असे मी म्हटले, ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. घरात वाढणाऱ्या झाडांची कर्मकहाणी मोठी प्रवासी आहे. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टराने १८२९ साली एका झाकणबंद बाटलीत पतंगाचा कोश ठेविला असता, त्यातील ओलसर मातीत नेचा आणि गवत आपोआप उगवून पाण्यावाचून टिकून राहिल्याचे त्याच्या दृष्टीस पडले. त्या निरीक्षणातून काचेची बंद पेटी निघाली, आणि एरव्ही खाऱ्या वाऱ्याने वाटेतच मरणारी रोपे जहाजाच्या डेकवरून जिवंत महासागर ओलांडू लागली. चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. आज देशपांडे नगरातील दिवाणखान्यात बसलेली मंडळी त्याच व्यापाराची वारस आहेत. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा, अरेका पाम मादागास्करचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा, आणि अलीकडे ज्याचा बोलबाला आहे तो झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेचा असून हॉलंडच्या रोपवाटिकांनी १९९०नंतरच्या दशकात त्याची व्यापारी लागवड सुरू केल्यावरच जगाच्या घरांत शिरला. ‘लकी बांबू’ म्हणून काचेच्या भांड्यात विकला जाणारा दांडा बांबू नव्हेच. तो आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे. या गर्दीत आपल्या देशाचा म्हणावा असा एक रबराचा वड. ईशान्येच्या अरण्यातील हा वृक्ष. मेघालयातील ओढ्यांवरचे जिवंत पूल याच्याच मुळ्यांचे विणलेले असतात. कुंडीत तो आज्ञाधारक राहतो. परंतु हौसेने त्याला कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत उतरविणाऱ्याने आपण काय पत्करीत आहोत, याचा विचार आधी केलेला बरा.

मात्र या परदेशी मंडळींतील एक मोठे घराणे मराठी गृहिणीला जुन्या ओळखीचे आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, डिफेनबाखिया, पीस लिली, झीझी ही सर्व अळूच्या कुळातली. परसातला अळू ज्या गुणधर्मांनी ओळखला जातो, म्हणजे मोठे तजेलदार पान, दमट सावलीची आवड, आणि तोंडात घालताच सुटणारी खाज, ते यांच्यातही उतरले आहेत. पेशींमधील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे ही खाज सुटते; म्हणूनच फतफत्यात चिंच किंवा आमसूल घातल्यावाचून आपली बायामाणसे अळू शिजवीत नाहीत. डिफेनबाखियाचे पान चावणाऱ्या लहान मुलाच्या जिभेला चिंच वाचवू शकत नाही. जीभ आणि घसा सुजतो. रांगते मूल किंवा पाने कुरतडणारी मांजर घरात असेल, तर हे झाड आणूच नये, आणि कुळातली बाकीची झाडे हाताच्या वर टांगावीत. अळूची दुसरी शिकवण सुखाची आहे. न्हाणीच्या ओलीत, भिंतीच्या आडोशाने, सकाळच्या उन्हात तो जसा माजतो, तशीच जागा घरात शोधून तेथे त्याचे हे भाऊबंद ठेविले की ते माजतात. ज्याने परसात अळू लावला आहे, त्याला मॉन्स्टेराची जोपासना शिकविण्यासाठी पुस्तकाची गरज नाही.

मनीप्लांटविषयी दोन शब्द अधिक. हा वेल फुलत नाही. लागवडीत त्याला फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची सांगतात, आणि पुढे संशोधकांना आढळले की फुलोऱ्यास अवश्य असणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक त्याच्या देहात नीट तयार होत नाही. अर्थात जगभरच्या बाटल्यांतून लोंबणारे हे वेल केवळ छाटकलमांनी वाढत आले आहेत. कलम करताना चूक होते ती येथे: लोक सुंदरसे पान देठासकट तोडून पाण्यात ठेवितात. ते पान महिनोन्महिने हिरवे राहील, पण त्यातून वेल निघणार नाही. कांडीला जेथे पेर असते आणि त्या पेरावर तपकिरी रंगाची टाचणीच्या डोक्याएवढी गाठ दिसते, तेथे मूळ सुटते. पेराच्या खाली बोटभर अंतरावर तिरपा छेद घेऊन ते पेर पाण्यात बुडेल असे ठेविले, की पंधरवड्याच्या आत पांढरा कोंब बाहेर पडतो. चोरून आणलेला मनीप्लांटच लाभतो, ही समजूत या नगरातही आहे. माझ्या मते तिच्या मुळाशी एवढेच असावे, की चोरणारा घाईत लांबलचक कांडी ओढतो आणि तिला पेरे पुष्कळ असतात.

आता कुंडी आणि पाणी. हुबळीचे पाणी हा वादाचा विषय आहे. मलप्रभेवरच्या धरणाचे आणि नीरसागर तलावाचे पाणी नळाला येते, पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरावे लागते, आणि कुंडीच्या बाहेरील अंगावर जे पांढरे पापुद्रे धरतात ते या क्षारांचे. भाजक्या मातीची कुंडी ही या कामी उत्तम साक्षीदार. पाणी तिच्या अंगातून झिरपून वाफ होते, मुळांना हवा मिळते, आणि क्षार मागे राहतात ते भिंतीवर दिसतात. प्लॅस्टिकच्या कुंडीत तेच क्षार मातीत साचत जातात आणि पानांची टोके जळू लागेपर्यंत काही कळत नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या मातीला आणि कुंभारकामाला मोठे नाव आहे; खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तेथे आहे. आपल्या सीमाभागात इतकी चांगली माती भाजली जात असता चकचकीत प्लॅस्टिकचे घट विकत आणण्यात कोणते सौंदर्य आहे, हे मला समजलेले नाही. फक्त एक जपावे: मातीच्या कुंडीला पाणी लवकर लागते, म्हणून जे वारंवार परगावी जातात त्यांनी नेच्यासाठी ती वापरू नये.

भरणीसाठी येथील काळी माती जशीच्या तशी वापरणे हा तर झाडाला दंडच. कापसाला उत्तम असणारी ही चिकण माती कुंडीत भिजली की चिखल होते आणि वाळली की तडे जाऊन कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाला जाते आणि मुळे कोरडीच राहतात. धारवाडकडची तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळावे, आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवावी. एवढे पुरते.

पाणी किती घालावे, या प्रश्नाला रोपवाटिकेतील माळी “नीर कडिमी हाक्री” एवढेच उत्तर देतो, म्हणजे पाणी कमी घाला. आणि घरातली बहुतेक झाडे तहानेने नव्हे, तर ओलीने मुळे कुजून मरतात, हे लक्षात घेता यापेक्षा अधिक सांगण्यासारखे त्याच्याजवळ नसतेच. याच नगरातील एक वृद्ध काकू कुंडीत तर्जनी दोन पेरे खुपसून पाहतात. “बोट घालून बघा हो, खाली ओल असली की आज नको,” हे त्यांचे म्हणणे. बुधवार-शनिवार असे वार लावून पाणी घालणाऱ्यांना हे पटत नाही. परंतु आषाढातल्या झडीत जी कुंडी दहा दिवस ओली राहते, तीच फाल्गुनात पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी खडखडीत होते, तेव्हा वाराचा हिशेब कोणत्या शास्त्राने बसवावा? कुंडीखालच्या ताटलीत आणि मनीप्लांटच्या बाटलीत मात्र वार अवश्य पाळावा. डेंग्यूचा डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो. आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून, भांडे घासून कोरडे केले, की त्याचा वंश तेथल्या तेथे खुंटतो. ज्या शहरात पाण्याची साठवण हा घरोघरचा नाइलाज आहे, तेथे ही दक्षता शेजाऱ्याच्याही हिताची आहे.

सजावटीचा विचार आता करावयास हरकत नाही, कारण उजेड आणि पाणी यांनी आपल्याला ज्या दोन-चार जागा दिल्या आहेत, त्यांतच तो करावयाचा आहे. माझे मत विचाराल तर, खोलीत दहा चिमुकल्या कुंड्या विखुरण्यापेक्षा एक डौलदार झाड बरे. आणि लहान कुंड्या असतीलच, तर त्या एकत्र, उंची चढती ठेवून, पूर्वेच्या खिडकीखाली मांडाव्यात. त्यांच्या पानांतून सुटणाऱ्या ओलाव्याचा एकमेकींना थोडा लाभही होतो. रंगीबेरंगी क्रोटन खोलीच्या आत आणला की महिन्याभरात हिरवट मलूल होतो; त्याचे रंग उन्हाचे आहेत, त्याला गॅलरीतच राहू द्यावे. भांड्यांच्या बाबतीत आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेली पितळी घंगाळे, तपेली आणि बंब यांच्या तोडीचे कोणत्याही दुकानात मिळणार नाही. परंतु घंगाळाला तळाशी भोक नसते. त्यात माती भरून थेट झाड लावले, तर ते महिनाभराच्या आत तळाच्या पाण्यात गुदमरते. घंगाळात चार बोटे गोटे घालून त्यांवर झाडाची मूळची कुंडी बसवावी, पाणी घालताना ती बाहेर काढावी, निथळू द्यावी आणि मग परत ठेवावी. चिंचेने उजळलेल्या पितळेवर रबराच्या झाडाचे काळपट हिरवे पान जसे खुलते, तसे ते पांढऱ्या चिनी मातीवर कधी खुलत नाही. पाने दर पंधरवड्यास ओल्या फडक्याने पुसावीत. हुबळीची धूळ हा पानावरचा दुसरा पडदाच असतो. पुसतानाच पानाच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण समजावा, आणि पसरण्यापूर्वी साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या बोळ्याने काढून टाकावा.

प्लॅस्टिकच्या झाडांविषयी काही लिहीत नाही.

झाडांमुळे घरातील हवा शुद्ध होते, हा प्रचार मात्र तपासून पाहिला पाहिजे, कारण त्याच्या बळावर पुष्कळ रोपे विकली जातात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेला जो अभ्यास यासाठी पुढे करण्यात येतो, तो लहान बंद पेट्यांत केलेला होता. घराला दारे-खिडक्या असतात. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१९ साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासून हिशेब मांडला, की नुसत्या खेळत्या हवेची बरोबरी करायची झाल्यास जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील. मग माणसाने उभे कोठे राहावे? खिडकी उघडावी, हा उपाय स्वस्त आहे. तुळस रात्रीही प्राणवायू देते, ही समजूत भाविकांना प्रिय असली तरी खरी नाही. तुळशीचे आपल्या घरातील स्थान अशा दाखल्यावर अवलंबूनही नाही. झाडे घरात ठेवावीत ती त्यांच्याकडे पाहून बरे वाटते म्हणून, आणि हे कारण मला पुरेसे वाटते.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरातील गच्चीवाल्यांनाही एकच गोष्ट हरप्रकारे समजावून सांगितली, की शेती म्हणजे उन्हाची वेचणी होय; ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. उन्हाचा हा हिशेब ज्याला समजला, त्याला सदनिकेच्या हातभर गॅलरीतही पुष्कळ करता येते. देशपांडे नगरातील काही गॅलऱ्यांत मी पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, गोकर्ण आणि पुदिना एका ओळीत पाहिले आहेत, आणि आतल्या पाचशे रुपयांच्या पामपेक्षा ती ओळ मला अधिक सुसंस्कृत वाटली. त्याच गॅलऱ्यांच्या कोपऱ्यात बहुधा एखादे ब्रह्मकमळही असते. पावसाळ्यात त्याची कळी वाकून फुगली की शेजारपाजाऱ्यांना निरोप जातात, रात्री अकराच्या सुमारास सारी मंडळी जमतात, आरतीही होते. हे निवडुंगाच्या जातीचे झाड मेक्सिकोकडचे असून हिमालयातील खरे ब्रह्मकमळ ते नव्हे, हे ठाऊक असलेली माणसेही त्या रात्री जागतात, आणि जागावे.

वाचकांस एवढीच विनंती, की दिवाळीच्या खरेदीबरोबर रोपे आणू नयेत. पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी होत जाते, आणि रोपवाटिकेतील हिरव्या जाळीखालून उचलून आणलेल्या रोपाला नवे घर सोसण्यास हा काळ प्रतिकूल असतो. त्याऐवजी कार्तिक आणि मार्गशीर्ष या दोन महिन्यांत सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चार वाजता प्रत्येक खिडकीपाशी ऊन कोठवर येते, ते जमिनीवर खडूने खूण करून वहीत टिपून ठेवावे. पुन्हा मे महिन्यात तीच नोंद करावी. जूनच्या पहिल्या सरी पडल्या, की ती वही घेऊन रोपवाटिकेत जावे आणि माळ्याला झाडांची नावे विचारण्यापूर्वी आपल्या खिडक्या सांगाव्यात. मनीप्लांट विकत घेऊ नये. शेजारी मागितल्यावर देतो.